ओटी भरलेली पेटी

आमच्या काळेवाडीच्या घराचं दार जर्मन होतं आणि खिडकी कुठली होती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दारावर जाड काळ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. त्यातलं अर्धं करवतीखाली गेलेलं आणि उरलेलं अर्धं उलटं बसवलेलं. बासष्ट साल सरता सरता मी नवी नवरी म्हणून त्या दारात माप ओलांडलं आणि पहिला विचार मनात आला तो हा, की या माणसांना दार सरळ बसवता येत नाही, ती संसार काय सरळ करणार.

मग हळूहळू कळत गेलं. पिंपरीत तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यांची यंत्रं परदेशातून बोटीनं मुंबईच्या गोदीत उतरायची, तिथून ट्रकवर चढून घाटानं वर यायची. ज्या भल्याथोरल्या लाकडी पेट्यांतून ती यायची, त्या रिकाम्या झाल्या की कंपन्या कामगारांना देऊन टाकायच्या. नदीच्या अलीकडे-पलीकडे जिथे म्हणून कामगारांनी खोल्या बांधल्या, तिथे तेच पिवळसर हलकं लाकूड. दारं, फडताळं, कॉट, गणपतीचं मखर, सगळं बोटीतून आलेलं. शेजारणीच्या पोराचा पाळणासुद्धा. त्या पोराच्या डोक्याशी 'वरची बाजू' दाखवणारा बाण होता आणि तो जमिनीकडे बघत होता.

माझ्या सासूबाई मूळच्या मावळातल्या. पवना नदीपेक्षा मोठं पाणी त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मी कोकणातली, त्यामुळे सुरुवातीला मी त्यांना परदेशीच वाटत असावे. भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, "समुंदर कसा आस्तो गं? पवनंला पूर येतो तसा?"

"आत्याबाई, पूर एकदा ओसरला की ओसरला. समुद्र रोज ओसरतो आणि रोज परत येतो."

"मंग येडाच हाय म्हनायचा," असं म्हणून त्या पुढची भाकरी तव्यावर टाकायच्या.

मला मात्र त्या वेड्याचीच सवय. खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आणि गावाला छोटंसं बंदर. मुंबईहून येणारी आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, पोती, आंब्याच्या पेट्या असं सगळं पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, आणावं-न्यावं लागायचं. माझे वडील पडाव चालवायचे. आगबोटीचा भोंगा झाला की सारं गाव कामाला लागायचं. कुणाचं चहाचं दुकान, कुणाची बैलगाडी, कुणाची दोरखंडं वळायची जागा, कुणी नुसता हमाल. शेती सगळ्यांची मिळून मूठभर, पण चूल कुणाची विझलेली नसायची. पुढे खाडीच्या तोंडाशी गाळ साचत गेला, आगबोट थांबायची बंद झाली आणि दोन पावसाळ्यांत गाव म्हातारं झालं. बंदर म्हणजे काय, हे मला बंदर गेल्यावर समजलं. समुद्र तिथेच होता, मासे तिथेच होते, माणसं मात्र मुंबईला निघून गेली.

खडकीला नोकरीला असलेल्या काकांनी माझं लग्न जमवलं तेव्हा आई रडली, की पोरगी कोरड्या मुलखात पडली. मलाही तसंच वाटलं होतं. पण काळेवाडीत चार वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी समुद्र सोडून आलेच नाही. मुंबईच्या गोदीत संप झाला की पिंपरीतल्या कारखान्यांत पोलाद यायचं नाही, बेअरिंग यायची नाहीत. मग ओव्हरटाइम बंद, दुसरी शिफ्ट बंद, आणि आमच्या गल्लीतल्या खानावळीत ताटं कमी लागायची. खानावळवाल्या बाईंना गोदी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण "बोट आडली जनू," असं त्या पिठात हात घालायच्या आधीच सांगायच्या. घाटाच्या खालचं ते बंदर म्हणजे आमचं मागचं दार होतं. सगळं तिथून आत यायचं. फक्त आमच्याकडून त्या दारानं बाहेर काही जात नव्हतं, आणि ते मला सलायचं.

माझे यजमान लेथ बनवणाऱ्या एका कंपनीत होते. लेथ म्हणजे लोखंड कातून त्याला आकार देणारं यंत्र, चांगलं म्हशीपेक्षा जड. हे तिथे माल बाहेर पाठवायच्या खात्यात, डिस्पॅचमध्ये होते. सत्तरच्या सुमाराला कंपनीला परदेशातून मागण्या येऊ लागल्या. तेव्हा त्या लेथसाठी पेट्या कुठून यायच्या? तर मुंबईहून. रिकाम्या पेट्या ट्रकमधून घाट चढून वर यायच्या आणि भरून पुन्हा घाट उतरायच्या. हे रोज संध्याकाळी घरी येऊन तेच बोलायचे. "हवा वाहून आणतात गं. नुसती हवा." ऐकून ऐकून मी एकदा म्हटलं, "मग तुम्ही बांधा की पेट्या. बोलून कुणाचं पोट भरलंय?"

मी बोलून गेले आणि यांनी ते मनावर घेतलं. डिस्पॅचचे साहेब शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, की कंपनीच्या नोकरानं कंपनीचंच काम बाहेरून घेतलेलं चालत नाही. पेट्या बांधायच्या तर नोकरी सोडावी लागेल. शिवाय वरच्यांना अजून मुंबईवाल्यांचाच भरवसा आहे. एक लेथ आफ्रिकेत मोंबासाला जायचा आहे. त्याची पेटी तुम्ही बांधा. ती धड पोचली तर पुढचं काम तुमचं, नाही तर मुंबईवाले आहेतच. यांनी राजीनामा दिला. कायमची नोकरी, त्या दिवसांत, दोन लेकरं पदरात असताना. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्यो काय आपल्या डोक्यानं चालनारा न्हाई. ह्ये तुजंच काम हाय." मी नाही म्हटलं नाही.

लाकडाचं काम करायला आम्हाला चाचा मिळाले. त्यांच्या घराण्याची पिंपरीत जुनी लाकडाची वखार होती आणि सुतारकामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. चाचा खेड-चाकणकडून आंब्याचं लाकूड आणायचे, ते उन्हात नीट वाळवायचे, फळीवर बोटानं टिचकी मारून कान द्यायचे आणि नाही आवडली तर बाजूला सारायचे. त्यांची आणि यांची भागीदारी तोंडी ठरली, आमच्या ओट्यावर, चहाच्या दोन कपांवर. घरामागच्या रिकाम्या जागेत पत्र्याची शेड पडली आणि आमच्या घरात भुसा शिरला तो कायमचाच. आमटीत भुसा, गादीत भुसा, पोरांच्या दप्तरात भुसा.

पेटीचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. खाली दोन दणकट ओंडके, त्यांवर लेथ बोल्टनं आवळायचा. लेथला ग्रीसचा जाड लेप द्यायचा, त्यावर मेणकागद गुंडाळायचा. मग चारही बाजूंनी फळ्यांच्या भिंती आणि भिंतींना आतून डांबरी कागदाचं अस्तर. कंपनीनं दिलेल्या नकाशात अस्तराचा एकच थर होता. मी म्हटलं, दोन लावा, आणि एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ देऊ नका. माझ्या माहेरी कड्या-कुलपं, विळी, सायकल, सगळ्याला खारी हवा खाऊन टाकायची. लोखंडी ट्रंकेला तर दोन वर्षांत चाळण.

हे वैतागले. "नकाशात एक आहे. तुला समुद्र म्हणजे सासूच वाटते, सारखा खोड काढायला टपलेला."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकतीया मी."

चाचा हसत हसत म्हणाले, "भाभी म्हणतात तर दोन लावू. कागदाचं काय, हात तर माझेच दुखणार." तसे दोन थर लागले. खरं सांगायचं तर एवढं करायची गरज होती की नाही, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. माझी आपली हौस आणि हट्ट.

पेटीची शेवटची भिंत ठोकायची होती ती कंपनीच्या आवारात, खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. एरवी बंद असणारं फाटक त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना उघडं. बायका ठेवणीतली लुगडी-पातळं नेसून येतात, पोरं यंत्रांवर चढायला बघतात, सगळीकडे झेंडूची फुलं आणि उदबत्त्यांचा वास. आम्हीही गेलो. आवाराच्या एका कडेला आमची पेटी तीन भिंतींची उभी होती आणि आत मेणकागदात गुंडाळलेला लेथ, नव्या नवरीसारखा अंग चोरून बसलेला. पेटीवर चाचांनी रंगानं 'मोंबासा' असं मोठ्या इंग्रजी अक्षरांत काढलं होतं. खाली 'मुंबई बंदरमार्गे'.

सासूबाईंनी पेटीला एक चक्कर मारली. फळीवरून हात फिरवला. मग मला विचारलं, "ही कुटं चालली म्हनायची?"

"आफ्रिकेत. समुद्रापलीकडे."

"परत यायची न्हाई?"

"नाही. तिकडच्याच कारखान्यात राहायची."

त्यांनी पेटीत आणखी एकदा डोकावून पाहिलं. मग पिशवीत हात घातला. "आगं मंग लेकच सासरी चालली की. आन् तशीच धाडताय व्हय? वटी भरल्याबिगर?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. ज्या बाईनं राजीनाम्याबद्दल दोन दिवस अबोला धरला होता, तीच आता त्या लोखंडाची आई व्हायला निघाली होती. पूजेसाठी आणलेला नारळ होताच. डब्यात आंबेमोहोर तांदूळ होते. कुणी सुपारी दिली, कुणी हळकुंड, एकीनं पिशवीतला नवा कोरा खण काढला. पाच सवाष्णींनी लेथला हळद-कुंकू लावून ओटी भरली, तिचं फडक्यात गाठोडं बांधलं आणि पेटीच्या कोपऱ्यात पक्कं बसवलं. साहेब पायांतले बूट काढून, हात जोडून बाजूला उभे. चाचा हातोडी खाली ठेवून थांबले होते. त्यांनी विचारलं, "झालं का अम्मा? लावू भिंत?" सासूबाईंनी मान हलवली आणि त्यांनी भिंत लावली. एवढ्या सगळ्या शिकल्या-सवरलेल्या, अनुभवी माणसांत एकाच्याही मनात आलं नाही, की कागदांवर फक्त लेथ लिहिलेला आहे. आमच्याकडे लेक पाठवताना कुणी कागद बघत नाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक सुटला. आम्ही रस्त्यावर उभं राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

पाच-सहा दिवसांनी साहेबांचा निरोप आला. गोदीत कस्टमवाल्यांनी पेटीची एक बाजू उघडून पाहिली होती. आत गाठोडं सापडलं. नारळ, तांदूळ, सुपारी. पेटी अडवून ठेवली आहे, बोट दोन दिवसांत सुटणार आहे, आणि ज्यांनी पेटी भरली त्यांनी येऊन खुलासा करावा. यांचा चेहरा पांढरा पडला. घोडं पेंड खायला बसलं होतं ते नेमकं इथे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं होतं, आणि तेही देवाच्या नावानं.

साहेब जीप घेऊन दारात आले. हे बसले, हत्यारांची पेटी घेऊन चाचा बसले, आणि मीही पदर खोचून बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ओटी बायकांनी भरली, उत्तरही बाईच देईल." सासूबाईंनी जीपशी येऊन एकच गोष्ट सांगितली, "वटी परत आनू नगंस. भरलेली वटी माघारी येत नस्ती."

कितीतरी वर्षांनी मी समुद्राजवळ जात होते. पण गोदीत शिरल्यावर आला तो वास माझ्या समुद्राचा नव्हता. तेल, गंज, ओला ताग, सडका कांदा. गोदीतले कागद करून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटानं आमचे पास काढून ठेवले होते. धक्क्याच्या कडेला इमारतींएवढ्या बोटी, डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेन, आणि जिथे बघावं तिथे पेट्या नि पोती. मी घाबरेन असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. एके ठिकाणी पोत्यांची थप्पी होती, मी हमालाला विचारलं कसली, तर तो म्हणाला, "चाकणचा कांदा, ताई. आखाताला चाललाय." पुढे पंपांच्या पेट्या होत्या, त्यांवर चिंचवड लिहिलेलं. मी वडिलांच्या पडावात बसून बंदर पाहिलेलं, पण तिथून आमचं काय जायचं? माणसं आणि आंबे. इथे माझ्या सासरचा अख्खा रस्ता येऊन उभा होता, शेतासकट आणि कारखान्यासकट. छाती भरून आली म्हणतात, ती खरंच भरून येते.

कस्टमचे साहेब चष्म्यावरून बघणारे, उभट चेहऱ्याचे. टेबलावर आमचं गाठोडं सोडून ठेवलेलं.

"शिपिंग बिलावर लेथ लिहिलाय," ते म्हणाले. "नारळ लिहिलेला नाही. तांदूळ लिहिलेला नाही. हे कोणी ठेवलं आणि कशाला?"

हे काही बोलायच्या आत मी म्हटलं, "आम्ही ठेवलं, साहेब. आमच्या गावात बांधलेली पहिलीच पेटी परदेशी चाललीय. लेक सासरी जाताना रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुठलं गाव?"

"काळेवाडी."

"ते कुठे आलं?"

"पिंपरीजवळ. पवनेकाठी."

"बाई," ते म्हणाले, "माझी आईसुद्धा हेच करील. पण बोटीवर आई चालत नाही, कागद चालतो. धान्य आणि फळाला वेगळे कागद लागतात. हे काढा, नव्यानं तपासणी करून घ्या, मग जाऊ द्या. ही बोट काही मिळणार नाही."

त्यांचा राग आला नाही. माणूस आपलं काम चोख करत होता, आम्हीच आमचं काम जास्त चोख करून बसलो होतो. पण बोट गेली ती गेलीच. एजंटानं सांगितलं, की पुढच्या बोटीला दहा-बारा दिवस तरी लागतील. गोदीतली गोदामं मालानं भरलेली, पेटी उघड्यावरच राहील. चाचांनी फाटलेलं अस्तर डांबर लावून सांधलं, उचकटलेल्या फळ्या पुन्हा ठोकल्या. त्यातली एक फळी कस्टमच्या पहारीनं चिरली होती. तीच तात्पुरती लावली.

सासूबाईंचं सांगणं माझ्या लक्षात होतं. नारळ मी धक्क्याच्या कडेनं हळूच पाण्यात सोडला. आमच्याकडे समुद्राला नारळ देतातच, त्यात कुणाचा कागद लागत नाही. तांदूळ हमालांच्या खोलीवर जेवण करणाऱ्या बाईला दिले आणि खण गोदीच्या फाटकाबाहेर चहा विकणारीला. तिनं तो लगेच छातीशी लावून बघितला. घरी गेल्यावर मी हे सगळं सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंग वटी पोचली. पेटीचं काय?" पेटीचं काय ते मला सांगता येईना.

कारण परतीच्या जीपमध्ये साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोट चुकली म्हणून कंपनीत वरून खालपर्यंत ओरड होणार. मुंबईवाले टपलेलेच आहेत. आता पेटी एवढे दिवस उघड्यावर पडणार, तेव्हा बोटीवर चढवण्याआधी ती पूर्ण उघडून बघायचा हुकूम आला आहे. लेथवर गंजाचा डाग जरी दिसला तरी हे काम हातचं जाईल. हे साहेबांनी कडवटपणानं सांगितलं नाही. त्यांचीही मान त्यात अडकली होती, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

आणि मग पाऊस आला. परतीचा, गडगडणारा, सलग तीन दिवस. काळेवाडीत पत्र्यावर थेंब वाजायला लागले की हे उठून दारात जाऊन उभे राहायचे, जणू इथून गोदी दिसते. चाचा शेडमध्ये बसून एकच फळी तासत होते. मी कामं करत होते, पण मीठ दोनदा पडायचं. यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

आज मागे वळून बघताना गंमत वाटते, की एवढ्याशा पेटीवर आमचं काय काय उभं होतं. ऐंशी साल उजाडेपर्यंत आमच्या शेडच्या तीन शेड झाल्या. माहेरचं बंदर गेल्यावर मुंबईत धक्के खाणारे माझे दोन्ही भाऊ इथे आले. पडावाची दोरखंडं आवळणारे हात पेट्यांच्या पट्ट्या आवळू लागले, आणि असल्या गाठी त्यांच्याइतक्या पक्क्या कुणी बांधायचं नाही. मराठवाड्यातून दुष्काळात आलेली पोरं चाचांच्या हाताखाली तयार झाली. त्यांनी खोल्या बांधल्या, लग्नं केली, काहींनी निगडीला प्राधिकरणात घरं घेतली. आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्या बाईंना दुसरी चूल मांडावी लागली. लोक म्हणतात, पिंपरी-चिंचवड कारखान्यांनी उभं केलं. खरं आहे. पण कारखान्याला तोंड लागतं तसं मागचं दारही लागतं, आणि ते आमच्यापासून घाटाखाली, खाऱ्या पाण्यात होतं. माझ्या माहेरचं गाव समुद्राला खेटून असून बंदराविना सुकलं. काळेवाडीनं कधी लाट पाहिली नाही आणि ती बंदरावर जगली. यात माझ्यासारखीला अभिमान वाटू नये तर काय वाटावं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही पुन्हा गोदीत उभे होतो, आणि या खेपेला मला कुणी बोलावलेलंही नव्हतं. पाऊस उघडला होता. पेटी चिखलाच्या पाण्यात बसलेली, फळ्या भिजून काळ्या पडलेल्या. शेजारी दुसऱ्या कुणाची तरी पेटी होती, तिच्या फटींतून तांबूस पाणी गळत होतं. ते बघून यांनी माझा हात धरला. चारचौघांत, साहेबांसमोर. लग्नानंतर पहिल्यांदाच.

चाचांनी खिळे काढले. भिंत खाली आली. डांबरी कागदाचा बाहेरचा थर ओला होता, दोन ठिकाणी पाणी आत झिरपलं होतं. चाचांनी तो सुरीनं कापला. खालचा थर कोरडा होता. त्याखालचा मेणकागद कोरडा. साहेबांनी तो स्वतः बाजूला केला, लेथच्या अंगावरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. नुसतं ग्रीस. त्याखाली लोखंड चकचकीत, आमच्या आवारात होतं तसंच. कस्टमचे साहेबही आले होते. त्यांनी वाकून आत पाहिलं, कोपऱ्यातही पाहिलं, आणि सही केली.

गंगेत घोडं न्हालं. चाचांनी टोपी काढून घाम पुसला, पण तो घाम नव्हता. मला रडायचं नव्हतं, तरी मी रडले. मग त्यांनी अस्तर नव्यानं सांधलं आणि शेडमध्ये तासून आणलेली फळी घालून भिंत पुन्हा ठोकली. साहेब पेटीभोवती एक चक्कर मारून आले आणि चिरलेल्या फळीच्या जागी चाचांनी लावलेल्या नव्या कोऱ्या फळीसमोर थांबले. सगळ्या काळवंडलेल्या पेटीत ती एकटीच पांढरी दिसत होती.

"पेटी कुणी बांधली ते यावर लिहा," साहेब म्हणाले. "आणि यापुढच्या सगळ्या पेट्यांवरही लिहीत चला."

यापुढच्या सगळ्या. हे शब्द यांच्या कानांत शिरायला थोडा वेळ लागला. चाचांनी रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि विचारलं, "काय लिहू?" यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काळेवाडी लिहा," मी म्हटलं. "मराठीत."

"तिकडे कुणाला वाचता येणार नाही," साहेब म्हणाले.

"विचारतील की मग."

चाचा लिहायला लागले. सावकाश, एकेक अक्षर दोनदा गिरवत. लिहून झाल्यावर हे दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "चाचा, मोंबासापेक्षा मोठं झालं हे."

"बरोबर झालंय," मी म्हटलं, आणि क्रेनवाल्याला हात केला.